मुकादम आधी देतो, सरकार नंतर : वित्तमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वित्तमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती व निर्वाह भत्ता शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीलाच देण्याबाबत.

महोदय,

शिष्यवृत्तीचं गाऱ्हाणं घेऊन माणसं सामाजिक न्याय मंत्र्यांकडे जातात, नाहीतर उच्च शिक्षण मंत्र्यांकडे. हे पत्र मी मुद्दाम आपल्याला लिहितो आहे. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात शिष्यवृत्तीचं टेबल माझ्याकडे आहे. पद कनिष्ठ लिपिकाचं. प्राध्यापकांना मुलं वर्गात दिसतात, मला ती कागदांतून दिसतात : उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पासबुकाची झेरॉक्स, बारावीची गुणपत्रिका आणि महाडीबीटीच्या, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरच्या, अर्जाची प्रिंट. या टेबलावर बसून माझं एक मत पक्कं झालं आहे. योजनाच नाही म्हणून पदवी अर्धवट सोडणारं गरीब मूल मला क्वचितच भेटलं. योजना असते, अर्ज मंजूर असतो, रक्कमही ठरलेली असते. पैसे लागतात जुलैत आणि येतात वर्ष सरल्यावर. ते कधी सोडायचे, त्याची किल्ली आपल्या खात्याकडे आहे.

आमच्या भागात पैसा आधी देणारा एक माणूस आहे. मुकादम, ऊसतोडीसाठी मजूर जमवणारा. दसऱ्याच्या आगेमागे तो दारात येतो आणि कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मोजून देतो. अर्ज नाही, दाखला नाही. त्या उचलीतून घरातलं आजारपण निघतं, दुकानदाराची उधारी फिटते, थोरल्याची फी आणि खोलीचं भाडंही निघतं. फेडायची ती ऊस तोडून, कारखाना सुरू झाल्यापासून पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत. यात पिळवणूक आहे, हिशेबात मारामारी आहे, बायामाणसांचे हाल आहेत. मी मुकादमाची तरफदारी करत नाही. पण गरजेच्या दिवशी पैसा हातात पडतो तो त्याच्याचकडून. सरकारची शिष्यवृत्ती हक्काची आणि न फेडायची. तरी घराच्या हिशेबात ती कुणी धरत नाही, कारण ती कधी येईल हे मलाही सांगता येत नाही. मग बाप उचल घेतो, आणि थोडी जास्त हवी असली की कॉलेजातलं पोरगंही अर्धा कोयता, म्हणजे एकटा मजूर, म्हणून सोबत नेतो.

आता हा उशीर होतो कसा, ते आपल्यासमोर मांडायचं धाडस करतो.

अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिची नव्याने मांडणी केली : पाच वर्षांत ५९,०४८ कोटी रुपये, त्यातले ३५,५३४ कोटी केंद्राचे, उरलेले राज्यांचे. साठ-चाळीस अशी वाटणी. नियम असा, की राज्याने आपला चाळीस टक्के हिस्सा आधी विद्यार्थ्याच्या खात्यावर टाकायचा, मग केंद्र आपले साठ टक्के टाकणार. राज्याचे चाळीस टक्के जितके लांबतात, तितके दिल्लीचे साठही तिथेच थांबतात. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण आमच्या विद्यार्थ्यांना कुणी समजावून सांगावी लागत नाही.

वर्षाचं वेळापत्रक पाहा. बारावीचा निकाल लागतो मे-जूनमध्ये, प्रवेश जून ते ऑगस्ट. पोर्टल उघडतं त्यानंतर. अर्ज भरला की तो आमच्या लॉगिनला येतो, तिथून प्राचार्यांच्या, तिथून जिल्ह्याच्या कार्यालयात. कुठेही एक कागद खटकला की ‘सेंड बॅक’. मुलगा पुन्हा सेतू केंद्रात, पुन्हा माझ्याकडे. सगळं सुरळीत झालं तरी बीडीएसवर, म्हणजे सरकारच्या निधी वाटपाच्या संगणक प्रणालीवर, निधी आल्याशिवाय बिल निघत नाही. ३१ मार्चच्या रात्री कोषागारांत काय गर्दी उसळते, ते आपल्याला मी सांगायला नको. त्या गर्दीत आमची बिलं असतात. कधी तीही नसतात, आणि मग पुढच्या आर्थिक वर्षाची वाट.

या वेळापत्रकात ओटीपीची एक वेगळीच गंमत आहे. पोराचं आधार लहानपणी काढलेलं, त्याला मोबाइल नंबर बापाचा. दिवाळीनंतर बाप कर्नाटकात नाहीतर कोल्हापूरकडे फडावर. पोरगं माझ्या टेबलासमोर उभं राहून फोन लावतं. बाप उसाच्या फडात, फोन कोपीत, म्हणजे झोपडीत, चार्जिंग संपलेलं. संध्याकाळी टपरीवर चार्ज करून तो फोन चालू करतो, तेव्हा आलेला ओटीपी कधीच बाद झालेला असतो आणि माझं ऑफिस बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एका मुलाने शेवटी चुलत्याला फडावर पाठवून फोनच घरी मागवून घेतला. चार महिने बाप फोनशिवाय राहिला. अर्ज मात्र वेळेत गेला, हे मान्य करायला हवं.

पैसे सुटले तरी ते कुठल्या खात्यात जातील हा वेगळा खेळ. रक्कम आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात पडते. कुणीतरी एजंट गावात आला, कुठल्याशा बँकेचं खातं अंगठ्यावर उघडून गेला, घरात कुणाच्या लक्षातही नाही, शिष्यवृत्ती तिकडे. पासबुकात एंट्री नाही म्हणून पोरगं माझ्याशी भांडतं, मी पोर्टल दाखवतो, तिथे ‘यशस्वी’ लिहिलेलं असतं. मग आधार कुठे जोडलं आहे ते शोधत बसायचं. गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव बाबासाहेब आणि आधारवर बाबा, यावरून अडलेल्या अर्जांवर तर एक स्वतंत्र पत्र होईल.

ही चाळणी का लागली तेही मला ठाऊक आहे. संस्थांनी बोगस विद्यार्थी दाखवून शिष्यवृत्त्या लाटल्या, विशेष तपास पथक नेमावं लागलं, त्यातून पैसा थेट खात्यात देण्याकडे सरकार वळलं. ते बरंच झालं. पण चोरी केली संस्थाचालकांनी आणि जागता पहारा बसला पोरांवर.

या सगळ्यात मूल गळतं कधी, हे मला नेमकं सांगता येईल. ऑगस्टमध्ये नाही. तेव्हा घरात थोडाफार पैसा असतो, उत्साहही असतो. गळतं ते नोव्हेंबर ते जानेवारीत. मेसवाल्याचे तीन महिने थकलेले, खोलीच्या भाड्यात जोडीदार वाटा मागतोय, पहिल्या सेमिस्टरचा परीक्षा फॉर्म भरायचा आहे, आणि आईबाप फडावर. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला एक मुलगी होती. प्रॅक्टिकलची जर्नल अशी, की मॅडम दुसऱ्या तुकडीला नमुना म्हणून दाखवायच्या. डिसेंबरमध्ये ती यायची बंद झाली. आईला फडावर कोयता लागला होता, तिच्या जागी ही गेली. मार्चमध्ये परत आली तोवर पहिल्या सेमिस्टरची परीक्षा होऊन गेलेली. तिच्या पहिल्या वर्षाच्या शिष्यवृत्तीचा हप्ता पुढच्या ऑगस्टमध्ये खात्यावर आला. त्या आठवड्यात ती माझ्याकडे आली होती, टीसी न्यायला. मी म्हटलं, बाई, पैसे आलेत तुझे. ती म्हणाली, सर, आता काय करू त्यांचं? आमच्या नोंदीत ती लाभार्थी आहे. लाभ मिळाला, खात्यावर जमा, फाइल बंद.

रकमेबद्दलही बोलायलाच हवं, नाहीतर आपल्याला वाटेल प्रश्न फक्त तारखेचा आहे. साध्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या अनुसूचित जातीच्या, घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाचा भत्ता ३,००० रुपये. वसतिगृहात राहत असेल तर ६,०००. म्हणजे ये-जा करणाऱ्याला महिन्याला अडीचशे. आमच्या जिल्ह्याच्या गावी मेसचे महिन्याला अडीच-तीन हजार होतात. मुलींना एसटीचा पास बारावीपर्यंत फुकट; पदवीला आली की सवलतीच्या पासाचे पैसे भरा. बारावीला शंभर टक्के हजर असलेली मुलगी एफ.वाय.ला आठवड्यातून तीनच दिवस का दिसते, याचं अर्धं उत्तर या पासात आहे.

याउलट आपल्याच सरकारने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. त्यात बारावी झालेल्याला कुठे तरी प्रशिक्षणार्थी म्हणून बसलं तर महिन्याला ६,००० रुपये. मला ती योजना वाईट वाटत नाही. पण बारावी झालेलं पोरगं साधं गणित करू शकतं. शिकलो तर अडीचशे, तेही पुढच्या वर्षी. शिकायचं थांबवलं तर सहा हजार. आमच्या कॉलेजातली काही मुलं त्या योजनेत गेली, आणि मी त्यांना अडवू शकलो नाही. कुठल्या तोंडाने अडवणार?

महिन्याच्या महिन्याला लोकांच्या खात्यात पैसे टाकायची यंत्रणाच नाही, असं आता कुणी म्हणू शकत नाही. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे दीड हजार आमच्याच विद्यार्थ्यांच्या आयांच्या खात्यात येतात. तेच आधार जोडलेलं खातं, तीच अडीच लाखांची उत्पन्न मर्यादा, तीच ट्रेझरी. एखादा हप्ता मागेपुढे झाला की दुसऱ्या दिवशी टीव्हीवर बातमी. हे जमलं, कारण जमवायचं ठरवलं होतं. शिष्यवृत्तीचा हप्ता वर्षभर लांबला तरी बातमी होत नाही, कारण एकोणीस वर्षांच्या पोरांची अजून मतपेढी झालेली नाही. सामाजिक न्याय विभागाचा निधी लाडक्या बहिणीकडे वळवल्यावरून २०२५ च्या मे महिन्यात त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी बोलून दाखवली होती. आईच्या पदरात टाकायचं आणि लेकराच्या ताटातलं काढायचं, हा हिशेब वित्त विभागात कागदावर जुळत असेल. घरात तो जुळत नाही.

चांगलं झालं तेही सांगतो. भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे आणि तिची रचना समजून-उमजून केलेली आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलाला मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये : जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. कुणीतरी नीट बसून जेवण, भाडं आणि किरकोळ खर्च असा वेगवेगळा विचार केला आहे. आदिवासी मुलांसाठी तशीच स्वयम् योजना आहे, ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आली. पण जेवण रोज असतं आणि जेवणाचे पैसे वर्षाकाठी. पुण्यात शिकणारा आमचा एक माजी विद्यार्थी मेसवाल्याला स्वाधारचं मंजुरीपत्र दाखवून उधारीवर जेवत होता. मेसवाला भला माणूस म्हणून निभावलं. राज्याची योजना एका खानावळवाल्याच्या भलेपणावर चालावी का?

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. उत्तम. पण ती माफी कॉलेजला परतावा मिळेल तेव्हाची. परतावा थकला की संस्था मुलींकडे बघते. ‘आत्ता भरा, शासनाकडून आले की परत देऊ’ हे वाक्य मी आमच्या भागातल्या अनेक पालकांकडून ऐकलं आहे. परीक्षा फॉर्म अडवणं, मूळ कागद ठेवून घेणं, हे चोरून नाही, राजरोस चालतं. संस्थेला दोष द्यावा तर तिचंही वीजबिल थकलेलं. दोष उतरंडीवरून खाली खाली येतो आणि शेवटी खिडकीपाशी उभ्या असलेल्या सर्वांत गरीब पोराच्या डोक्यावर बसतो.

ठरलेल्या वेळेला पैसा नसला की काय होतं, हे देशाने एकदा सुप्रीम कोर्टात पाहिलं. उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या मजुराच्या मुलाची आयआयटी धनबादची जागा १७,५०० रुपये मुदतीत भरता न आल्याने गेली होती. ३० सप्टेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने घटनेच्या १४२ व्या कलमाखालचा अधिकार वापरून ती त्याला परत दिली. आमच्या मुलांच्या अशा जागा जातात त्या बी.कॉम.च्या, नर्सिंगच्या, डिप्लोमाच्या. त्यांच्यासाठी दिल्लीला कोण जाणार? आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली खुद्द बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं होतं. ते १९२० ला पुन्हा जाऊ शकले, त्यात शाहू महाराजांची मदत होती. प्रत्येक तालुक्याला शाहू महाराज मिळत नाहीत, म्हणून तर राज्य सरकार असतं.

गळती मोजायची कशी, असं आपले अधिकारी विचारतील. देशाचा उच्च शिक्षणाचा वार्षिक सर्व्हे प्रवेश मोजतो. २०२१-२२ मध्ये महाराष्ट्राचं पटनोंदणीचं प्रमाण ३५.३ टक्के आलं, देशाचं २८.४. आपण पुढे आहोत, याचा अभिमान भाषणांत येतो. पण आत आलेल्यांपैकी पदवी घेऊन बाहेर किती पडले, हे त्या आकड्यातून कळत नाही. शोधायला लांब जायची गरज नाही. महाडीबीटीवर दोन प्रकारचे अर्ज असतात, फ्रेश आणि रिन्यूअल. गेल्या वर्षी ज्याचा फ्रेश होता त्याचा या वर्षी रिन्यूअल यायला हवा. नाही आला, तर एक तर तो नापास झाला, नाहीतर गेला. ही यादी संगणकात आजच आहे. कॉलेजनिहाय, तालुकानिहाय, मुलगा-मुलगी अशी काढायला एक दिवस लागेल. ती कुणी मागितलेली नाही, एवढंच. घाई यासाठी, की नव्या शैक्षणिक धोरणात एका वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडायची सोय झाली आहे. ज्याला मार्ग बदलायचा आहे त्याला ती बरी. पण उद्या मेसचे पैसे नाहीत म्हणून गेलेलं पोरगंही ‘एक्झिट’च्या रकान्यात जाईल, आणि मग गळती कागदावर दिसणारच नाही.

जगात हे कुणी केलंच नाही असंही नाही. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये आपल्या दोन वर्षांच्या कॉलेजांत एक कार्यक्रम सुरू केला. फीमध्ये जी तूट पडेल ती भरून काढायची, पुस्तकांना मदत, महिन्याचा मेट्रोचा पास, आणि विचारपूस करणारा एक सल्लागार. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या दोन गटांची तुलना झाली. तीन वर्षांत पदविका पूर्ण करणारे कार्यक्रमाबाहेरच्या गटात सुमारे २२ टक्के, कार्यक्रमातल्या गटात ४० टक्के. माझं लक्ष अडकलं ते पासावर. तो दर महिन्याला मिळायचा, महिना सुरू होताना.

आता मागणं.

रिन्यूअलच्या मुलांची कागदपत्रं आपण एकदा तपासलेली आहेत. त्यांचा निकाल विद्यापीठाकडून थेट घ्या आणि निर्वाहाचा पहिला हप्ता नव्या अर्जाची वाट न बघता जुलैत टाका. फ्रेशच्या मुलांना प्रवेश पक्का झाल्यापासून महिन्याभरात तीन महिन्यांचा भत्ता आगाऊ द्या, छाननी मागून चालू द्या. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्याला एक फिरता निधी लागेल. बिल पास झालं की तो परत भरला जाईल. उरलेले हप्ते महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, लाडक्या बहिणीसारखे. राज्याचा हिस्सा आधी सुटला की केंद्राचाही लवकर येईल, यात तिजोरीचं काही जास्तीचं जात नाही, फक्त आधी जातं. आणि अडीचशे रुपये महिना ही रक्कम केंद्राच्या दराची असली, तरी तिच्यावर राज्याने आपली भर घालायला कुणाची मनाई नाही.

आपले सचिव आक्षेप घेतील, की आगाऊ पैसे घेऊन काही मुलं निघून जातील. जातील. मुकादमाचीही उचल बुडते, दर सीझनला बुडते, पोलिसांपर्यंत जाते. तरी पुढच्या दसऱ्याला तो पुन्हा उचल वाटतो, कारण आधी दिल्याशिवाय माणूस मिळत नाही हे त्याला कळलेलं आहे. तीन महिन्यांचा बुडालेला भत्ता एका बाजूला आणि दीड वर्ष शिकवून हातातून गेलेली मुलगी दुसऱ्या बाजूला ठेवून तोटा काढा. तो हिशेब आपल्या खात्याने कधी मांडला असेल तर मला वाचायला आवडेल.

नागपूरच्या अधिवेशनात पुरवणी मागण्या येतील, मार्चमध्ये अर्थसंकल्प. शिष्यवृत्तीच्या लेखाशीर्षापुढे दरवर्षी रक्कम छापलेली असते. या वेळी तिच्याशेजारी ती कोणत्या महिन्यात वितरित होणार, तेही छापा. मी त्या पानाची झेरॉक्स काढून माझ्या खिडकीवर लावीन. जुलैत पोरं विचारायला आली की त्याच्याकडे बोट दाखवता येईल, आणि पैसे नाही आले तर आपल्याला फोन कुणी करायचा हेही त्यांना कळेल.

आपला,
शिष्यवृत्ती विभागातला एक लिपिक
जि. बीड